टॅलीचा लॅपटॉप, मुलाचं उबंटू आणि डिस्कची वाटणी

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या कर सल्लागार आहेत. पत्र थोडक्यात असं (त्यातली उबंटू आणि मिंट ही लिनक्सची दोन रूपं):

"घरात लॅपटॉप एकच, २०२२ मध्ये घेतलेला. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ८ जीबी रॅम, विंडोज ११ होम. टॅली, जीएसटीची रिटर्न्स, डिजिटल सहीचं टोकन, सगळं त्यावरच. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला उबंटू हवंय, जमलं तर मिंटसुद्धा. दुरुस्तीवाले म्हणतात, 'सगळं फॉरमॅट मारून डिस्क एमबीआर करून देतो, मग काहीही चालेल.' मुलगा म्हणतो, जीपीटीच ठेवायचं आणि ग्रब टाकायचं. शिवाय ऑफिसात एक जुना डेस्कटॉप आहे, १ टीबी हार्ड डिस्क आणि विंडोज १०. त्यावर लिनक्ससाठी नवं पार्टिशन करायला गेलो तर 'डायनॅमिक डिस्क करू का' असं विचारतो. आम्ही कुणाचं ऐकायचं?"

ताई, नमस्कार.

मुलाचं ऐका, पण अर्धंच. जीपीटीचं त्याचं म्हणणं बरोबर आहे. ग्रब म्हणजे कोणती सिस्टीम उघडायची ते विचारून ती सुरू करणारा लिनक्सचा बूट लोडर, तोही बसू द्या. मात्र लॅपटॉप चालू केल्यावर पहिला मान विंडोजचाच राहू द्या. कामाच्या मशीनवर एक गोष्ट सांभाळायची असते: एक सिस्टीम बिघडली तरी दुसरी तिच्या मदतीशिवाय सुरू झाली पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे. डेस्कटॉपवरच्या त्या डायनॅमिकच्या प्रश्नाला तूर्त 'नो' म्हणा, त्याचं शेवटी बघू.

आधी एमबीआर का नको ते. एमबीआर आणि जीपीटी या पार्टिशन टेबलच्या जुन्या आणि नव्या पद्धती. पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा: कुठला तुकडा कुठून कुठवर आणि कुणाचा, याची नोंद. एमबीआर पद्धतीत ही नोंद डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्येच असते. त्यातले ४४६ बाइट्स बूटच्या कोडला जातात, ६४ बाइट्समध्ये चार पार्टिशनच्या नोंदी मावतात आणि शेवटचे २ बाइट्स ओळखखुणेचे. नोंदी चारच, आणि दुसरी प्रत कुठेही नाही. जीपीटीत साधारणपणे १२८ नोंदींची जागा असते, टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि नोंद खराब झाली तर ती चेकसममुळे (पडताळणीच्या आकड्यामुळे) लगेच लक्षात येते.

पण तुमच्या बाबतीत निर्णय या गुणदोषांवर होतच नाही. तो विंडोजनं आधीच करून टाकलाय. मशीन चालू केल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं; जुनं ते बायोस, नवं ते यूईएफआय. विंडोज यूईएफआय मोडमध्ये फक्त जीपीटी डिस्कवरून सुरू होतं आणि जुन्या लेगसी बायोस मोडमध्ये फक्त एमबीआरवरून. विंडोज ११ ला यूईएफआय लागतंच. तेव्हा डिस्क एमबीआर केली तर विंडोज ११ त्यावरून रीतसर चालणारच नाही. सगळं पुसायचं, आणि पुसून मिळवायचं काय तर जुनी पद्धत! त्या वाटेला जाऊ नका.

खात्री करून घ्यायला दोन मिनिटं लागतात. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, एमएसइन्फो३२ टाइप करा आणि 'बायोस मोड'समोर काय लिहिलंय ते बघा. यूईएफआय असेल तर प्रश्न मिटला. मग डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली डावीकडे 'डिस्क ०' लिहिलेल्या चौकोनावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात व्हॉल्यूम्स. 'पार्टिशन स्टाइल'समोर जीपीटी दिसेल.

आता पूर्वतयारी. तारीख आधी ठरवा. महिन्याच्या ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी भरणाऱ्यांनी हे काम त्या दरम्यान काढूच नये. २१ नंतरचा एखादा रविवार घ्या. टॅलीचा डेटा फोल्डर, क्लायंटची कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळ्याची बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढा आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप धरू नका. ती डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नये. २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको, एक प्रत वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी असावी. विंडोजमधलं 'रिकव्हरी ड्राइव्ह' वापरून ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर दुरुस्तीची सोयही करून ठेवा.

यानंतरची गोष्ट बहुतेक लोक विसरतात आणि मग रात्री अकरा वाजता फोनाफोनी करतात. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. अनेक विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. हे म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं बिटलॉकरच आहे. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. ती आत्ताच शोधून कागदावर उतरवा आणि कागद लॅपटॉपपासून लांब ठेवा. बायोसमध्ये काही बदललं किंवा बूटचा मार्ग बदलला की विंडोज ती की मागतं. की नसेल तर डेटा गेला, त्यावर कुणाकडेही इलाज नाही. क्लायंटचे पॅन, बँक तपशील तुमच्याकडे असतात, त्यामुळे एन्क्रिप्शन कायमचं बंद करा असं आम्ही सांगणार नाही. उबंटूचा इन्स्टॉलर त्यापाशी अडलाच तर तेवढ्यापुरतं बंद करा, डिक्रिप्शन शंभर टक्के पूर्ण होऊ द्या आणि काम झालं की पुन्हा चालू करा.

मग 'फास्ट स्टार्टअप' बंद करा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवर बटणं काय करतात ते निवडा'. हे चालू असलं की 'शट डाउन' म्हटल्यावर विंडोज पुरतं बंद होत नाही, कर्नलची (सिस्टीमच्या गाभ्याची) स्थिती डिस्कवर लिहून झोपी जातं. पार्टिशन त्या अर्धवट अवस्थेत असताना लिनक्सनं उघडलं तर ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं, आणि जबरदस्तीनं लिहिलं तर फाइल्स खराब होतात. 'लिनक्समधून डी ड्राइव्हवर काही सेव्हच होत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

आता जागा. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजला ४७६ जीबी दिसते. तुमच्या डिस्कवर आत्ता चार तुकडे असतील: सुरुवातीला १०० किंवा २६० एमबीचं ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणजे ईएसपी, मग १६ एमबीचं मायक्रोसॉफ्टचं राखीव पार्टिशन (डिस्क मॅनेजमेंट ते दाखवत नाही), मग सी, आणि शेवटी जीबीभराचं रिकव्हरी. यातलं सी सोडून कशालाही हात लावायचा नाही.

सी कमी करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, लिनक्सच्या इन्स्टॉलरमधून नाही. विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टीम विंडोजनंच हलवलेली बरी. सी वर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम', आणि आकडा एमबीमध्ये द्यायचा. २३५ जीबी मोकळे करायचे तर २४०६४०. इथे हमखास अडतं: सी मध्ये ३०० जीबी रिकामे असूनही विंडोज म्हणतं, फक्त ४०-५० जीबीच कमी करता येतील. कारण पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल), हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट्स या न हलणाऱ्या फाइल्स पार्टिशनच्या मध्यावर किंवा टोकाला बसलेल्या असतात. त्यांच्या अलीकडे सरकता येत नाही. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' द्या (टाइप अर्थातच इंग्रजीत), सिस्टीम प्रोटेक्शन बंद करा, पेजफाइल 'नो पेजिंग फाइल' करा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करून बघा. तरीही अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉगमधली २५९ क्रमांकाची नोंद उघडा. नेमकी कोणती फाइल आडवी आली तिचं नाव तिथे लिहिलेलं असतं. काम झालं की पेजफाइल आणि प्रोटेक्शन परत चालू करायला विसरू नका. ८ जीबी रॅमवर पेजफाइलशिवाय टॅली आणि ब्राउझर एकत्र दमतील. या सगळ्यात चार्जर लावलेला ठेवा. डिस्क आकसताना वीज गेली आणि बॅटरीनंही मान टाकली तर फाइल सिस्टीम अर्ध्यात राहते.

मोकळे झालेले २३५ जीबी असे वाटा. सी साठी उरलेले २४० तुमच्या कामाला पुरेसे आहेत. उबंटूला ९०, एकच ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम) पार्टिशन, रूट म्हणजे मुख्य पार्टिशन म्हणून. वेगळं होम पार्टिशन करावं असं जुने लोक सांगतात, पण ९० जीबीत दोन तुकडे केले की एक तुडुंब भरतो आणि दुसरा रिकामा पडतो. स्वॅपसाठीही (लिनक्सची पेजफाइलच म्हणा) वेगळं पार्टिशन नको, उबंटू स्वतःच स्वॅपफाइल करतं. १०० जीबीचं एनटीएफएस पार्टिशन दोघांच्या सामायिक वापराला ठेवा, म्हणजे नोट्स, व्हिडिओ, पीडीएफ दोन्हीकडून दिसतील. ते विंडोजमधूनच तयार करा. चिरंजीवांना मात्र सांगा की प्रोग्रॅमिंगचे प्रोजेक्ट त्यात ठेवायचे नाहीत. लिनक्सच्या परवानग्या एनटीएफएसवर नीट उतरत नाहीत, आणि 'माझी स्क्रिप्ट चालतच नाही' म्हणून दिवस जातो. क्लायंटच्या फाइल्सही त्यात नकोत, त्या एन्क्रिप्ट केलेल्या सी मध्येच राहू द्या. उरले ४५ जीबी. ते रिकामेच सोडा. वर्षभरात कुणाला जागा कमी पडते ते कळेल, तेव्हा द्या.

मिंट वेगळं बसवू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. मिंटची मुख्य आवृत्ती उबंटूवरच उभी आहे आणि ईएसपीमध्ये दोन्ही 'उबंटू' याच नावाच्या फोल्डरमध्ये आपला बूट लोडर ठेवतात. नंतर बसवलेली सिस्टीम आधीच्या फायलींवर आपल्या फायली लिहिते. मग फर्मवेअरच्या यादीत 'उबंटू' दिसतं पण उघडतो मिंटचा मेनू, आणि एक काढून टाकलं की दुसरं सुरूच होत नाही. मिंट बघायचंच असेल तर उबंटूत व्हर्च्युअल मशीन करून बघा, किंवा पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवा. त्यानं काही अडणार नाही.

आता बूट लोडर. यूईएफआयमध्ये हे कसं चालतं ते समजलं की निम्मी भीती जाते. मदरबोर्डवरच्या छोट्या मेमरीत एक यादी असते. यादीतली प्रत्येक ओळ सांगते: अमुक डिस्कच्या अमुक पार्टिशनवरची अमुक फाइल चालव. विंडोजची ओळ ईएसपीतल्या मायक्रोसॉफ्ट फोल्डरमधल्या बूटएमजीएफडब्ल्यू नावाच्या फाइलकडे बोट दाखवते, उबंटूची ओळ उबंटू फोल्डरमधल्या शिम नावाच्या फाइलकडे. शिम पुढे ग्रबला बोलावतो आणि ग्रब लिनक्सच्या कर्नलला. दोन्ही फोल्डर एकाच ईएसपीत शेजारी शेजारी नांदतात, एकमेकांवर लिहीत नाहीत. म्हणूनच 'विंडोज परत टाकलं आणि ग्रब पुसलं गेलं' हे यूईएफआयवर सहसा खरं नसतं. ग्रब जागच्या जागी असतं, यादीत फक्त विंडोज पुढे आलेलं असतं. फर्मवेअरच्या बूट ऑर्डरमध्ये जाऊन क्रम बदलला की झालं. बायोस अपडेटनंतर मात्र उबंटूची ओळच गायब होऊ शकते. काही मशीनच्या बायोसमध्ये 'ॲड बूट ऑप्शन' असतं, त्यातून शिमची फाइल निवडायची. नसेल तर उबंटूच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून 'ईएफआयबूटएमजीआर' वापरून ओळ पुन्हा घालता येते.

इन्स्टॉल करताना दोन जागी डोळ्यांत तेल घालून बघायचं. पहिली जागा पेन ड्राइव्हवरून सुरू करतानाची. काही मशीनच्या बूट मेनूमध्ये तोच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा 'यूईएफआय' हा शब्द लावून आणि एकदा नुसता. यूईएफआयवालाच निवडा. नुसता निवडला तर उबंटू लेगसी मोडमध्ये बसतं, विंडोज यूईएफआयमध्ये राहतं, आणि त्या ग्रबमधून विंडोज उघडता येत नाही. दर वेळी बायोसमध्ये जाऊन मोड बदलत बसावं लागतं. रुफस या सॉफ्टवेअरनं इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह करताना पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय निवडलं की ही चूक होत नाही.

दुसरी जागा पार्टिशनच्या पडद्यावर. 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय नको, मॅन्युअल घ्या. रिकाम्या जागेत ९० जीबीचं पार्टिशन करा, ईएक्सटी४, माउंट पॉइंट म्हणून नुसता स्लॅश. ईएसपी इन्स्टॉलर आपणहून ओळखतो. ते वापरलं जाईल पण फॉरमॅट होणार नाही, एवढं 'पुढे'वर क्लिक करण्याआधी नक्की करा. ईएसपी फॉरमॅट झालं तर विंडोजचा बूट लोडर जातो. सी मधला डेटा तसाच असतो, त्यामुळे घाबरू नका: विंडोजच्या इन्स्टॉल पेन ड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, डिस्कपार्टमध्ये ईएसपीला एस असं अक्षर द्यायचं आणि 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय' चालवायचं. विंडोजच्या बूट फाइल्स नव्यानं लिहिल्या जातात. बिटलॉकर चालू असेल तर त्याआधी सी उघडायला ती ४८ अंकी की लागतेच.

इन्स्टॉलरला एसएसडीच दिसली नाही तर? इंटेलचा प्रोसेसर असलेल्या काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज 'आरएसटी' किंवा 'रेड' (आरएआयडी) मोडवर ठेवलेलं असतं. ते एएचसीआय या साध्या मोडवर न्यावं लागतं, पण सरळ बायोसमध्ये बदललंत तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल. क्रम असा ठेवा: विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये 'सेफ बूट' खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या, खूण काढा, परत रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर अकाउंटचा पूर्ण पासवर्ड लागतो, तो आधी आठवून ठेवा. रिकव्हरी कीचा कागदही जवळ असू द्या.

सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला बूट लोडर चालू न देणारी सोय, बंद करायची गरज नाही. उबंटूचा शिम मायक्रोसॉफ्टच्या किल्लीनं सही केलेला असतो. लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं ग्राफिक्स असेल तर ड्रायव्हर बसवताना उबंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एनरोल एमओके' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायची का) विचारतं. तो पडदा काही सेकंदच थांबतो. तो चुकला तर ड्रायव्हर लोड होत नाही आणि मुलगा भलतीकडेच दोष शोधत बसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं जुन्या शिमवर बंदी आणली आणि दोन सिस्टीमच्या पुष्कळ मशीनवर लिनक्स 'एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड' असा संदेश देऊन बंद पडू लागलं. तेव्हा विंडोज बिनबोभाट सुरू होत होतं, कारण त्याचा रस्ता वेगळा. उबंटू महिनोन्महिने न उघडता ठेवू नका, अपडेट करत राहा, म्हणजे शिमही ताजा राहतो.

म्हणूनच क्रमाचा आमचा आग्रह. उबंटू बसल्यावर ते स्वतःला यादीत पहिलं लावतं. बायोसमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' परत वर न्या. तुम्ही बटण दाबाल, विंडोज येईल, ग्रबचा काळा मेनू तुम्हाला दिसणारही नाही. मुलाला उबंटू हवं तेव्हा तो चालू करताना बूट मेनूची की दाबेल: डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, एसरवर एफ१२ पण आधी बायोसमध्ये ती चालू करावी लागते. बटणाचा नेम चुकत असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, ॲडव्हान्स्ड स्टार्टअप, 'यूज अ डिव्हाइस' यातूनही उबंटू निवडता येतं. याचा आणखी एक मोठा फायदा असा की विंडोज ग्रबमधून न जाता थेट सुरू होतं, त्यामुळे बिटलॉकर बिथरून की मागत नाही.

उलट, मुलाला ग्रबच्या मेनूतच विंडोज दिसायला हवं असेल तर एक सेटिंग करावं लागतं. ग्रब २.०६ पासून इतर सिस्टीम शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद ठेवलेला आहे. ईटीसी फोल्डरमधल्या डीफॉल्टमधली ग्रब नावाची फाइल उघडून 'ग्रब-डिसेबल-ओएस-प्रोबर' समोर फॉल्स लिहायचं (मधल्या खुणा अंडरस्कोअर, सगळी अक्षरं कॅपिटल) आणि 'अपडेट-ग्रब' चालवायचं.

दुसऱ्या बूट लोडरांचं थोडक्यात. सिस्टिमडी-बूट साधा आणि सुटसुटीत आहे, पण त्याला कर्नल आणि इनिट-आरएएमएफएस (कर्नलसोबत सुरुवातीला लागणारी फाइल) ईएसपीतच किंवा खास बूट पार्टिशनमध्ये लागतात. तुमच्या १०० ते २६० एमबीच्या ईएसपीत उबंटूचे दोन कर्नलही धड मावणार नाहीत, आणि त्याला लागूनच राखीव पार्टिशन व सी असल्यानं ते वाढवणं सोपं नाही. रीफाइंड दिसायला देखणा, सगळ्या सिस्टीम आपोआप शोधतो, तीन-चार सिस्टीम असतील तर छानच. पण सिक्युअर बूट चालू ठेवायचं तर त्याची किल्ली हातानं नोंदवावी लागते. दोनच सिस्टीमसाठी एवढा खटाटोप कशाला?

याहून चांगला पर्याय आहे, आणि परवडत असेल तर आम्ही तोच घ्या म्हणू. तुमच्या मॉडेलमध्ये दुसरा एम.२ स्लॉट किंवा २.५ इंची डिस्कची जागा आहे का, ते लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघा. असेल तर २५० किंवा ५०० जीबीची दुसरी एसएसडी बसवून उबंटू संपूर्ण तिच्यावर टाका, तिच्या स्वतःच्या १ जीबीच्या ईएसपीसकट. सी आकसायला नको, बिटलॉकरला हात नको. एक सावधगिरी मात्र हवी: डिस्क दोन असल्या तरी उबंटूचे इन्स्टॉलर बूट लोडर पहिल्या डिस्कच्या ईएसपीत टाकून मोकळे होतात, असं घडतं. मग दुसरी डिस्क काढली की उबंटूही बंद आणि पहिल्या डिस्कवर कचरा. म्हणून एसएसडी बसवणाऱ्यालाच सांगा, उबंटू टाकेपर्यंत विंडोजची एसएसडी काढून बाजूला ठेवा. काढलेल्या डिस्कवर कुणी चुकूनही काही लिहू शकत नाही.

दोन्ही बसल्यावर घड्याळ तपासा. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तिथे जागतिक वेळ धरतं. परिणामी उबंटू वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे. वेळ चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडताना प्रमाणपत्राची तक्रार येते आणि डिजिटल सहीवर चुकीची वेळ पडते. उबंटूत 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही एकच आज्ञा दिली की दोघंही एकाच वेळेवर येतात.

आता ऑफिसचा डेस्कटॉप. तिथे तुम्ही अडलात ते एमबीआरच्या चार नोंदींपाशी. सिस्टीम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि ई, चारही प्रायमरी, पाचवीला जागा नाही. म्हणून विंडोज डायनॅमिक डिस्क, म्हणजे त्याची स्वतःची वेगळी वाटणीची पद्धत, करू पाहतं. 'येस' म्हटलं असतं तर लिनक्सच्या इन्स्टॉलरला त्यात जागाच मिळाली नसती, आणि विंडोजच्या साधनांनी परत बेसिक करायचं तर आधी सगळे व्हॉल्यूम पुसावे लागतात. डेटा न पुसता जीपीटी करणारं मायक्रोसॉफ्टचं एमबीआर२जीपीटीसुद्धा इथे चालणार नाही, कारण त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात. म्हणजे आधी एक रिकामं करून काढावंच लागेल, शिवाय तो बोर्ड यूईएफआय असायला हवा.

त्या मशीनला २४० जीबीची साधी साटा एसएसडी लावा. मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा, लिनक्स नव्या एसएसडीवर टाका, मग केबल परत जोडा. विंडोज लेगसी मोडमध्ये असेल तर लिनक्सही लेगसीतच बसवा, बूट मेनूमधून हवी ती डिस्क निवडा. दुसरी डिस्क नकोच असेल तर ई मधला डेटा हलवून ते पार्टिशन काढा आणि त्या जागी एक्सटेंडेड करून आत लॉजिकल पार्टिशन करा. लिनक्समध्ये त्यांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात. ग्रब मग अख्ख्या डिस्कच्या नावावर टाकायचं, पार्टिशनच्या नाही. लेगसी पद्धतीत ग्रबचा मोठा भाग पहिला सेक्टर आणि पहिलं पार्टिशन यांच्या मधल्या बेवारस पट्टीत राहतो. जुन्या डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असेल तर ती पट्टी जेमतेम ३१ केबीची असते आणि ग्रब त्यात बसेलच असं नाही. विंडोजवरच्या काही सॉफ्टवेअरची लायसन्स यंत्रणाही याच पट्टीत लिहिते आणि दुसऱ्या दिवशी ग्रब मुकं होतं. म्हणून नवी एसएसडीच बरी. आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा त्या मशीनच्या विंडोजवर सहीचं टोकन आणि बँकेचं काम आता नको.

कुठे अडलात तर पुढच्या पत्रासोबत डिस्क मॅनेजमेंटच्या पूर्ण पडद्याचा फोटो आणि 'बायोस मोड'ची ओळ पाठवा. रिकव्हरी की मात्र आम्हालाही पाठवू नका.